खेळाडूला बाहेर कधी बसवायचं? एनबीएच्या रोटेशनमधून रुग्णांनी काय घ्यायचं

"डॉक्टर, एवढी रविवारची फायनल होऊ द्या. सोमवारपासून पूर्ण आराम."

तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेली आई हे म्हणत होती. मुलगा शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे. तीन आठवडे टाच दुखत होती आणि त्याने घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "का रे, बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "आमच्याकडे सहाच मुलं आहेत. मी बसलो तर टीमच होत नाही."

त्याचं उत्तर माझ्या लक्षात राहिलं, कारण जगातल्या सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीएमध्ये, गेली काही वर्षं याच प्रश्नावर वाद चालू आहे. कोणाला किती मिनिटं खेळवायचं, कोणाला बाहेर बसवायचं आणि हे ठरवणार कोण? तुम्ही बास्केटबॉल बघत नसलात तरी हरकत नाही. क्रिकेटमध्ये २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळणार, हे आधीच ठरलं होतं आणि त्यावरून घराघरांत वाद झाले. हा तसाच विषय आहे. फक्त बास्केटबॉलमध्ये हा हिशोब सामन्यांबरोबरच मिनिटांचाही करावा लागतो.

२४० मिनिटांचं गणित

एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो, १२ मिनिटांचे चार भाग. मैदानावर एका संघाचे पाच खेळाडू असतात. म्हणजे प्रशिक्षकाला प्रत्येक सामन्यात ४८ गुणिले ५, अशी २४० मिनिटं वाटायची असतात. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतात. या आत-बाहेर करण्याच्या आराखड्याला रोटेशन म्हणतात.

पहिल्या पाच जणांना प्रत्येकी ३५ मिनिटं दिली तर १७५ मिनिटं संपतात. उरलेली ६५ मिनिटं बेंचवरच्या चार-पाच जणांत वाटायची. नेहमीच्या हंगामात बरेच संघ नऊ-दहा जणांना खेळवतात. बाद फेरी आली की प्रशिक्षकाचा भरवसा सात-आठ जणांवर येतो आणि मुख्य खेळाडूंची मिनिटं चाळिशीकडे सरकतात. शिवाय दोन मोठे खेळाडू एकाच वेळी बाहेर बसणार नाहीत, बेंचवरचा गट मैदानात असताना निदान एक अनुभवी खेळाडू सोबत असेल, हेही बघावं लागतं.

आता एखाद्याचा स्नायू दुखावला आणि वैद्यकीय पथकाने सांगितलं की याला २४ मिनिटांपेक्षा जास्त खेळवू नका. ३५ मधली ११ मिनिटं उरली. ती भरायला कोणीतरी तयार हवा. नसेल तर डॉक्टरांचा सल्ला कागदावर राहतो आणि खेळाडू मैदानावर जातो.

हंगामात असे ८२ सामने, साधारण सहा महिन्यांत. काही वेळा दोन दिवसांत दोन सामने, मध्ये विमानप्रवास. त्यानंतर बाद फेरी.

२०२५ मध्ये काय झालं

२०२४-२५ च्या हंगामात एनबीएच्या सात खेळाडूंची अकिलीस कंडरा तुटली. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी ही जाड दोरी. आपल्याकडे बरेच रुग्ण तिला 'टाचेची शीर' म्हणतात, पण ती रक्तवाहिनीही नाही आणि नसही नाही.

या सातपैकी तिघे मोठे खेळाडू होते आणि तिघांचीही दुखापत बाद फेरीत झाली. २७ एप्रिलला मिलवॉकीचा डेमियन लिलार्ड. १२ मे रोजी बॉस्टनचा जेसन टेटम, त्या सामन्यात त्याने ४२ गुण केले होते. आणि २२ जूनला, अंतिम फेरीच्या सातव्या, निर्णायक सामन्यात, इंडियाना पेसर्सचा टायरिस हॅलिबर्टन.

हॅलिबर्टनची गोष्ट नीट बघू, कारण त्यात आपल्या कामाचं बरंच आहे.

पाचव्या सामन्यात त्याची उजवी पोटरी ताणली गेली. सहाव्या सामन्यात तो खेळला, पण सुमारे २३ मिनिटंच. हे शक्य झालं ते बेंचमुळे. पेसर्सचे प्रशिक्षक रिक कार्लाइल वर्षभर नऊ-दहा जणांना खेळवत आले होते. त्या दिवशी बेंचवरून आलेल्या ओबी टॉपिनने २० गुण केले आणि टी. जे. मॅकॉनलने खेळ सांभाळला. तिसरा भाग संपला तेव्हा पेसर्स ३० गुणांनी पुढे होते. चौथ्या भागात हॅलिबर्टनला उतरवायची गरजच पडली नाही.

सातव्या सामन्यात त्याने सुरुवात जोरात केली, पहिल्या सात मिनिटांत ९ गुण. मग चेंडू घेऊन पुढे झेपावताना तो कोसळला. उजव्या पायाची कंडरा तुटली होती. पेसर्स तो सामना हरले आणि त्याचा पुढचा हंगाम गेला.

असंच २०१९ मध्ये केव्हिन ड्युरंटच्या बाबतीत झालं होतं. ८ मे रोजी पोटरी दुखावली, महिनाभर तो बाहेर होता, १० जूनला अंतिम फेरीत परतला, १२ मिनिटं खेळला आणि कंडरा तुटली. पुढचा अधिकृत सामना खेळायला त्याला डिसेंबर २०२० उजाडला.

पोटरी दुखते तेव्हा टाचेचं काय होतं

पोटरीत दोन मुख्य स्नायू असतात. दोन्ही खाली येऊन एकाच कंडरेत मिळतात आणि ती टाचेला चिकटते. उडी मारताना, थांबून एकदम धाव घेताना या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. टाचेच्या थोडं वर, दोन ते सहा सेंटीमीटरच्या पट्ट्यात, तिचा रक्तपुरवठा कमी असतो. बहुतेक वेळा ती तिथेच तुटते.

पोटरीचा स्नायू हा त्या दोरीचा स्प्रिंगसारखा आधार असतो. स्नायू दुखावलेला असेल, थकलेला असेल, तर झटका शोषून घेण्याचं काम नीट होत नाही. हॅलिबर्टन किंवा ड्युरंटची कंडरा पोटरीच्या दुखापतीमुळेच तुटली, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. दुखापत एका कारणाने क्वचितच होते. पण दुखरी पोटरी घेऊन पूर्ण जोराने धावणं हा धोका आहे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या: हॅलिबर्टनची मिनिटं कमी केली होती, तरी सातव्या सामन्याच्या सातव्या मिनिटालाच कंडरा गेली. मिनिटं म्हणजे औषधाचा डोस समजा. डोस कमी केला म्हणजे औषध निर्धोक होतंच असं नाही. ज्याला ते चालतच नाही, त्याला अर्धी गोळीही त्रास देते.

आराम दिला की दुखापत टळते का?

इथे मात्र उत्तर सरळ नाही.

२०१८-१९ मध्ये टोरंटो रॅप्टर्सने कवाय लेनर्डला ८२ पैकी ६० सामने खेळवलं, बाकी वेळ राखून ठेवलं, आणि संघ विजेता झाला. तोच अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हापासून 'लोड मॅनेजमेंट' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला.

पण जानेवारी २०२४ मध्ये एनबीएने दहा हंगामांच्या माहितीवर आधारलेला अहवाल संघांना पाठवला. सामने चुकवून आराम घेतलेल्या खेळाडूंना पुढे कमी दुखापती झाल्या, असं त्यात दिसलं नाही.

दुसऱ्या बाजूने बघा. न्यूयॉर्क निक्सचे प्रशिक्षक टॉम थिबडो मुख्य खेळाडूंना फार खेळवतात म्हणून प्रसिद्ध होते. २०२४-२५ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक मिनिटं त्यांच्याच मिकाल ब्रिजेसने खेळली आणि तो एकही सामना चुकला नाही. उलट, बेंच भरपूर वापरणाऱ्या पेसर्सच्या तिघांची कंडरा त्याच हंगामात तुटली. हॅलिबर्टनच्या आधी जेम्स वाइझमन आणि आयझेया जॅक्सन, हे दोघे तर हंगामाच्या सुरुवातीलाच.

मग आराम निरुपयोगी? तसा अर्थ काढू नका. आम्हा डॉक्टरांना हा सापळा ओळखीचा असतो. अतिदक्षता विभागातले रुग्ण साध्या वॉर्डातल्या रुग्णांपेक्षा जास्त दगावतात. त्यावरून अतिदक्षता विभाग धोक्याचा, असं कोणी म्हणत नाही. तिथे जातातच मुळात जास्त आजारी माणसं. तसंच, बाहेर बसवले जाणारे खेळाडू बहुतेकदा आधीच दुखावलेले किंवा वयाने मोठे असतात. त्यांची तुलना धडधाकट खेळाडूंशी केली तर आरामाचा फायदा आकड्यांत झाकला जाऊ शकतो.

माझं वाचन असं आहे: ठणठणीत माणसाला केवळ कॅलेंडर बघून सुट्टी दिल्याने फारसा फरक पडतो, असं दिसत नाही. पण दुखत असलेल्या माणसाला वेळेवर थांबवणं आणि परत आणताना भार हळूहळू वाढवणं, यात तथ्य आहे. शरीर भाराची सवय करून घेतं. त्याला मानवत नाही ती एकदम वाढ: सहा महिने खुर्चीत आणि मग एका शनिवार-रविवारी चार सामने.

बाहेर बसायचा निर्णय कोणाचा?

नोव्हेंबर २०१२ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी मायामीतल्या सामन्याआधी टिम डंकन, टोनी पार्कर, मानू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या चौघांना घरी पाठवलं. सामना देशभर टीव्हीवर होता. लीगने संघाला अडीच लाख डॉलर दंड केला.

२०२३ मध्ये नियम आणखी कडक झाले. एकाच सामन्यात एकापेक्षा जास्त मोठे खेळाडू विनाकारण बसवायचे नाहीत. आणि 'सर्वोत्तम खेळाडू'सारखे वर्षाचे मोठे मान हवे असतील तर निदान ६५ सामने खेळायला हवेत. लीगची बाजूही समजण्यासारखी आहे. लांबून तिकीट काढून आलेल्या माणसाला त्याचा आवडता खेळाडू कोटात बेंचवर बसलेला दिसला तर वाईट वाटणारच.

पण या नियमाचा परिणाम काय झाला तेही बघा. जानेवारी २०२४ मध्ये याच हॅलिबर्टनच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. लीगच्या वार्षिक सर्वोत्तम संघात त्याचं नाव आलं तर त्याच्या कराराची रक्कम कोट्यवधी डॉलरनी वाढणार होती, आणि त्यासाठी ६५ सामने हवे होते. तो परतला, पुन्हा काही सामने बाहेर बसला, मग मर्यादित मिनिटं खेळला. हा नियम आपल्याला पटत नाही, असं त्याने उघड सांगितलं. शेवटी ६९ सामने खेळून त्याने तो मान मिळवला.

अशा परिस्थितीत 'दुखतंय का?' या प्रश्नाला खेळाडू काय उत्तर देईल? माझ्याकडे येणारे रुग्णही हेच करतात. रजा भरली तर पगार कापला जाईल म्हणून कंबर धरून ड्यूटीवर जाणारा चालक, एक दिवस खाडा झाला तर चूल थंड म्हणून ताप लपवणारी मावशी. त्यांना आरामाचं महत्त्व समजावून सांगण्यात अर्थ नसतो. ते त्यांना माहीत असतं. त्यांच्या जागी उभं राहायला कोणी नसतं, ही त्यांची अडचण असते.

मला बेंचचा सर्वांत मोठा उपयोग इथे दिसतो. दुखापत शंभर टक्के टाळणं बेंचला जमत नाही. पेसर्सलाही जमलं नाही. पण मागे चांगला बदली उभा असेल तर खेळाडू खरं बोलू शकतो. आणि रुग्ण खरं बोलला तरच डॉक्टर काही करू शकतो.

लीगमध्ये हा वाद अजून मिटलेला नाही. गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक स्टीव्ह कर सामने कमी करा म्हणतात, आणि त्यासाठी सगळ्यांना उत्पन्नावर पाणी सोडावं लागेल हेही मान्य करतात. आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी ४८ ऐवजी ४० मिनिटांच्या सामन्याची कल्पना बोलून दाखवली आहे. दोन्ही उपाय शेवटी पैशापाशी येऊन थांबतात.

तुमच्या घरचं रोटेशन

तुमचा मुलगा किंवा मुलगी खेळत असेल तर एनबीए आणि अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेने मुलांसाठी दिलेली मार्गदर्शक मर्यादा उपयोगी आहे. सराव आणि सामने मिळून आठवड्याला साधारण इतके तास:

- ९ ते ११ वर्षं: ५ तासांपर्यंत
- १२ ते १४ वर्षं: १० तासांपर्यंत
- त्यापुढे शाळा संपेपर्यंत: १४ तासांपर्यंत

आठवड्यात निदान एक दिवस खेळ पूर्ण बंद. १४ वर्षांआधी एकाच खेळाला जुंपू नये. झोप ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, त्यापुढच्यांना ८ ते १० तास. पहाटेचा सराव, शाळा, संध्याकाळचा क्लब आणि रात्री क्लास असं वेळापत्रक असेल तर एक बेरीज करून बघा. शाळेचे सर आणि क्लबचे सर आपापले तास मोजतात. मुलाचे एकूण तास मोजणारं माणूस घरातच लागतं.

वाढत्या वयातल्या मुलांची कंडरा सहसा तुटत नाही. त्यांच्या टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग नाजूक असतो, ताण तिथे येतो आणि टाच दुखते. ८ ते १४ या वयात हे बरंच आढळतं. खेळ कमी केला, बुटात टाचेखाली मऊ गादी घातली, पोटरीचे ताण देणारे व्यायाम केले की काही आठवड्यांत ते बसतं. सुरुवातीला सांगितलेल्या मुलालाही तेच झालं होतं.

मोठ्यांसाठी परतीचा साधा क्रम असा: आधी न लंगडता चालता आलं पाहिजे. मग दुखऱ्या पायावर एकट्याने उभं राहून टाच वर उचलता आली पाहिजे, चांगल्या पायाइतक्याच वेळा. मग हळू धावणं, मग जोरात, मग उड्या आणि दिशा बदलणं, सामना सर्वांत शेवटी. एका पायरीवर दुखलं तर एक पायरी मागे. 'फायनल कधी आहे' हे या यादीत कुठेच नाही.

हे झालं तर थांबू नका

- टाचेच्या मागे कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, 'फट्' असा आवाज आला, मागे वळलात तर कोणीच नाही. ही कंडरा तुटल्याची नेहमीची कहाणी आहे. पाऊल हलतं, थोडं चालताही येतं, म्हणून 'मुरगळला असेल' असं समजून दिवस काढू नका. पालथं झोपवून पोटरी दाबली की पाऊल हलतं का, हे डॉक्टर लगेच बघू शकतात. उपचार शस्त्रक्रियेने किंवा प्लास्टर-बुटाने होतो. दोन्हीत वेळेवर येणं महत्त्वाचं.
- एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, विशेषतः लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा प्लास्टरनंतर. ही शिरेत रक्ताची गाठ असू शकते. तेल लावून चोळू नका. त्याच दिवशी दाखवा. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट रुग्णालयात जा. लिलार्डला कंडरेच्या दुखापतीआधी महिनाभर दुसऱ्या पोटरीत अशीच गाठ निघाली होती. तरण्याबांड खेळाडूलाही ती होऊ शकते.
- सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन अशी प्रतिजैविकं चालू असताना टाचेच्या मागे दुखू लागलं. ही औषधं क्वचित कंडरा कमकुवत करतात. साठीच्या पुढे आणि स्टिरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. जोराचा व्यायाम थांबवा आणि ज्यांनी औषध दिलं त्यांना लगेच कळवा. जुन्या चिठ्ठीवर ही औषधं स्वतःहून आणू नका.
- मुलगा किंवा मुलगी सकाळी उठताना किंवा खेळल्यानंतर लंगडते आणि आठवडाभरात कमी होत नाही. रात्री दुखण्याने जाग येत असेल किंवा सोबत ताप असेल तर आठवडाही थांबू नका.

शेवटचं

तो मुलगा त्या रविवारी खेळला नाही. आई माझ्यावर थोडी नाराज होऊन गेली. पाच जणांनी सामना खेळला, बदली कोणीच नव्हता, आणि संघ हरला. दीड महिन्याने तो पुन्हा खेळू लागला. मधल्या काळात आईने शाळेत जाऊन सरांना एकच गोष्ट विचारली: संघात सहाच मुलं का? आता दहा आहेत.

तुमच्या घरातही हे विचारून बघा. आजीची औषधं, मुलांचे डबे, दुकान, हे सगळं ज्या एका माणसावर चाललंय, त्याचं गुडघं किंवा छाती दुखली तर तो सांगेल का? त्याच्या जागी चार दिवस उभं राहणारं कोणी आहे का? नसेल तर तो सांगणार नाही, आणि माझ्याकडे येईल तेव्हा उशीर झालेला असेल. ते माणूस आज ठरवून ठेवा.